मागच्या सीटवरचं ताक

आमच्या सोसायटीतल्या कुदळ्यांकडे स्वतःची सायकलसुद्धा नाही. तरी दर रविवारी ते कोणाच्या ना कोणाच्या एसयूव्हीत बसून डोंगर चढायला येतात आणि येताना बरणीभर ताक आणतात. प्यायला नव्हे. कच्चा रस्ता लागला की ते मागच्या सीटवर डावीकडे फडक्याची चुंबळ ठेवतात, तिच्यावर स्टीलचं फुलपात्र ठेवतात आणि त्यात काठोकाठ ताक ओततात. स्वतः शेजारी बसतात. फुलपात्राला हात लावायचा नाही, फक्त नजर ठेवायची.

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत अशा उंच गाड्या सात-आठ आहेत. आठवडाभर त्या ऑफिसच्या रांगेत हळूहळू सरकतात आणि रविवारी आम्ही त्यांना पानशेतच्या पलीकडे दगडधोंड्यांत नेतो. मग कोणाची गाडी भारी यावर बुधवारपर्यंत वाद चालतो. दीड वर्षापूर्वी या वादात कुदळे शिरले.

कुदळे कारखान्यात माल तपासणीच्या खात्यात होते. छत्तीस वर्षं त्यांनी माल नाकारला. निवृत्तीनंतर माल उरला नाही, म्हणून आता ते बाकी सगळं नाकारतात. लिफ्टमध्ये ‘क्षमता आठ माणसे’ असं लिहिलंय, तर यांचं सेक्रेटरींना पत्र गेलं, ‘कुठली आठ?’ कोणाकडे चहा दिला तर आधी वास घेणार, मग देणाऱ्याच्या तोंडाकडे बघणार, मग घोट. आणि कोणी काहीही सांगितलं तरी एकच प्रश्न, “तपासलंय कोणी?”

“काका, सस्पेन्शन एकदम टॉप आहे, रिव्ह्यूज बघा ना!” आयटीतला निखिल आपल्या नव्या लाल गाडीबद्दल म्हणाला.

“कंपनी म्हणते. तपासलंय कोणी?”

मग तपासलं. खडकाळ चढ संपला की ते चमच्याचमच्यानं फुलपात्र पुन्हा काठोकाठ भरतात. जितके चमचे लागले तितकं सांडलं, आणि तो आकडा ते वहीत टिपतात. निखिलच्या लाल गाडीला नऊ चमचे लागले. डॉक्टरबाईंच्या पांढऱ्या ऑटोमॅटिकला सात. सय्यदभाईंची काळी, चौकोनी फोर-बाय-फोर तर भिंतसुद्धा चढेल, पण तिच्यात फुलपात्रच पुढच्या सीटखाली सापडलं.

“अहो कुदळेसाहेब, कसली चढली ते बघा की!” सय्यदभाई कळवळून म्हणाले.

“चढेल हो. आतला माणूस धड उतरेल का, तेवढं सांगा.”

ताकच का, असं मी एकदा विचारलं. “पाणी वाळतं,” ते म्हणाले. “पुरावा राहत नाही. ताकाचा डाग राहतो.” वासही राहतो, हे आमच्या घरच्या मंडळींना विचारा.

मी पुण्यात वाढलेला माणूस. कोणी फुकट एवढी मेहनत घेतोय म्हटल्यावर मला झोप येईना. इंजिनात रस नाही, पुढच्या सीटवर कधी बसत नाही, वही कोणाला दाखवत नाही. माझं ठाम मत होतं की हा इसम कुठल्यातरी शोरूमचा माणूस आहे. त्याला पकडायचंच म्हणून एका रविवारी मी त्यांना माझ्या अकरा वर्षांच्या चंदेरी गाडीतून नेलं.

साडेचार चमचे!

“म्हणजे पहिला नंबर की!” मी म्हणालो.

“गाडीचा नाही, तुमच्या भित्रेपणाचा. एवढं हळू आजवर कोणी चालवलं नव्हतं.” मग जरा वेगळ्याच आवाजात, “आणखी हळू जमेल?”

संशय वाढला. त्यात घरी आल्यावर त्यांची वही माझ्या गाडीत सापडली. न वाचता परत देण्याइतका मी थोर नाही. पानापानावर चमचे होतेच, पण खाली आणखी नोंदी होत्या. ‘पायरी उंच, पाय पोचणार नाही.’ ‘दाराला धरायला मूठ नाही.’ ‘पाठीमागे उशी मावते.’ आणि प्रत्येक पानाच्या शेवटी, माझ्याही, ‘नापास’.

त्याच संध्याकाळी जाब विचारायला मी वही घेऊन गेलो. कुदळ्यांनी दार अर्धवट उघडलं. तेवढ्यात आतून आवाज आला, “अहो, शेवटी किती चमचे धरले आज?”

कुदळेकाकूंना आम्ही दोन वर्षांत खाली पाहिलं नव्हतं. त्यावरूनही आमचे काही संशय होते, ते इथे लिहायला लाज वाटते. काकू दिवाणावर पाठीला पट्टा बांधून पडल्या होत्या. मणक्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांचं माहेर वेल्ह्याच्या पुढे, वरच्या वाडीत, आणि शेवटचा सगळा रस्ता खडकांचा. तिथे त्यांचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळलाय आणि रोज बहिणीचं नाव काढतोय.

“डॉक्टर म्हणतात, जपून जा,” काकू म्हणाल्या.

“डॉक्टर गेलेत त्या रस्त्यानं?” कुदळे माझ्याकडून वही घेऊन घट्ट धरत म्हणाले. “एक चमचा. एका चमच्यावर आली गाडी, की नेतो.”

“अहो, दीड वर्ष हेच ऐकतेय. दादा थांबणार आहे का तुमच्या एका चमच्यासाठी?” काकू शांतपणे म्हणाल्या. “साडेचार तर साडेचार. सांडेन मी थोडी.”

पुढच्या रविवारी नेतो, एवढं सांगून मी निघालो.

त्या रविवारी चुंबळीच्या जागी काकू बसल्या. खडक सुरू झाल्यावर कुदळे गाडीतून उतरले आणि वाडीपर्यंत पुढे चालत राहिले. चाकाखाली येईल असा प्रत्येक दगड हातानं हलवून बघत होते, उचलून कडेला टाकत होते. मी त्यांच्या पावलांच्या मागे गाडी ठेवली. आरशात काकू दातांवर दात दाबून बसलेल्या दिसत होत्या, पण “थांबा” म्हणाल्या नाहीत.

काकू माझा हात धरून उतरल्या आणि स्वतःच्या पायांनी ओटीवरच्या खाटेपर्यंत गेल्या. म्हाताऱ्यानं त्यांचा हात चाचपला. “आलीस व्हय? मी हाय अजून.”

माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी कुदळ्यांना विचारलं, “किती चमचे धरायचे?”

“मोजायला मी आत कुठे होतो?” ते म्हणाले. त्यांची नजर खाटेवर होती, हात मातीनं माखलेले.

तेवढ्यात घरातल्या सुनेनं त्यांच्यापुढे ताकाचा पेला धरला. कुदळ्यांनी तो घेतला, माझ्याकडे पाठ केली आणि वास न घेता सगळं ताक पिऊन टाकलं.