रिकाम्या फलाटावरची गर्दी

मुख्यालयातल्या साहेबलोकांनो, आमचं स्टेशन तुम्ही मारलंत. वस्तादाचा त्यात हात होता, हे कबूल. पण हत्यार तुमचं होतं. ते तुम्हीच आणून दारावर टांगलंत आणि पुन्हा इकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. आता 'स्थानिक लोकांनी यंत्रणेची दिशाभूल केली' असं म्हणून हात झटकताय. तर झालं काय, ते एकदा नीट ऐका.

वस्ताद म्हणजे स्टेशनसमोरचा न्हावी. दुकान इतकं समोर की गाडीची शिट्टी झाली की गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण असताना तसंच पळायचं आणि उरलेली दाढी संध्याकाळी परतल्यावर करून घ्यायचं. अशा अर्ध्या दाढ्यांवर त्याचा संसार चालला होता, आणि बरा चालला होता.

दर गुरुवारी सकाळच्या गाडीनं त्याची थोरली बहीण यायची. आई लवकर गेली. वस्तादाला वाढवलं ते ताईनं. आता तिचे गुडघे कामातून गेले होते. पण तिच्या घराशेजारी स्टेशन, ह्याच्या दुकानासमोर स्टेशन; मधलं सगळं चालणं गाडी करायची. ताई यायची, मधल्या खुर्चीत बसायची, चहा घ्यायची, आरशावर डाग किती पडलेत ते सांगायची, वस्ताद किती सुटलाय तेही सांगायची आणि दुपारच्या गाडीनं परत जायची. पन्नाशीचा बाप्या मान खाली घालून बोलणी खायचा. तेवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा.

आणि तुम्ही जाहीर केलंत की यापुढे कारभार अंदाजानं नाही, आकड्यांवर चालणार. जिथं प्रवासी कमी, तिथला थांबा बंद. आमच्या स्टेशनला दार एकच. त्यावर तुम्ही एक काळा डोळा बसवलात. खालून जाणारं डोकं तो मोजणार आणि आकडा थेट तुमच्या पडद्यावर उमटणार. बसवायला आलेला तंत्रज्ञ वस्तादाकडे दाढीला बसला होता. आत जाणारे पुष्कळ दिसले पाहिजेत, नाहीतर तुमचा थांबा गेला म्हणून समजा, असं तो सांगून गेला. पुढचं काही सांगायच्या आत त्याची गाडी आली.

झालं! वस्तादानं कात्री खाली ठेवली आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकवलं, "डोकी मोजायची म्हणतात? हयात गेली माझी डोक्यांत. इतकी डोकी दाखवतो की पडदा फुटेल त्यांचा."

बायको मागे टॉवेल वाळत घालत होती. ती म्हणाली, गाडीत चढणारी माणसं हवीत त्यांना, दारात घुटमळणारी नकोत. वस्ताद म्हणाला, मशिनीला काय कळतंय! त्या दिवसांत तो बोललेल्यातलं एवढंच खरं होतं, आणि त्यानंच त्याचा घात केला.

दुकानात नियम झाला. दाढी असो, केस असो, आधी स्टेशनात जाऊन यायचं, मग खुर्ची मिळायची. पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. दार अरुंद, आत जाणारे आणि बाहेर येणारे एकमेकांच्या पोटावर आपटायला लागले. एकाचा चष्मा गेला, दोघांची जुनी भांडणं वर आली. त्यावर वस्तादानं तोड काढली. फलाटाच्या टोकाला तारेच्या कुंपणाला एक भगदाड होतं आणि तिथून बोळानं वळून नेमकं दुकानाच्या मागच्या अंगाला निघता यायचं. तेव्हा दारातून आत, भगदाडातून बाहेर, मागच्या दारानं दुकानात, पुढच्या दारानं पुन्हा स्टेशनात! घाण्याचे बैल लाजतील अशी माणसं फिरू लागली, आणि कुणाचा कुणाला धक्का नाही. ह्या भगदाडाचा वस्तादाला जो अभिमान वाटला, तो त्याला स्वतःच्या लग्नातही वाटला नव्हता.

शेजारची शिवणवाली काकू तर इरेला पेटली. तिच्या दुकानात कपडे अडकवायचे पुतळे होते. ते तिनं हातगाडीवर उभे केले. उघडे न्यायला बरं दिसेना, म्हणून प्रत्येकाला झगा चढवला आणि वरात काढावी तशी दारातून आत नेली. डोळ्यानं पुतळेही मोजले. मास्तर, म्हणजे आमचे स्टेशनमास्तर, फलाटावरच उभे होते. थांबा गेला तर त्यांचीही खुर्ची जाणार. त्यांनी पुतळ्यांकडे पाठ फिरवली, सिग्नल निरखून पाहिला आणि जेवण झाल्यावर पचनासाठी म्हणून स्वतःच दोन फेऱ्या मारल्या.

रेल्वेच्या फोनवरच्या नकाशात आमचं स्टेशन आधी हिरवं होतं. ते पिवळं झालं, मग लाल झालं. लाल म्हणजे भरभराट, असं सगळ्यांनी धरलं. मुख्यालयाकडून मास्तरांना अभिनंदनाचा निरोपसुद्धा आला. साहेबलोकांनो, तो तुम्हीच पाठवला होतात. विसरू नका.

गुरुवार उजाडला. फेऱ्यांना तेवढ्यापुरती सुट्टी देऊन वस्ताद नवा शर्ट घालून फलाटावर उभा. ताईला सगळा पराक्रम रंगवून सांगायचा होता. गाडी वळणावर दिसली, पण तिचा वेग काही उतरेना. खिशातला फोन थरथरला. निरोप होता: फलाट पूर्ण भरल्यामुळे गाडी या स्थानकावर थांबणार नाही, प्रवाशांनी सहकार्य करावे.

ताई गाडीच्या दारात उभी होती. एका हातात पिशवी, दुसरा दांडीला. तिनं वस्तादाला पाहिलं. वस्तादानं दोन्ही हात वर करून हलवले. तेवढ्यात ती गेली. गाडीचा वारा फलाटभर फिरला. त्या वाऱ्यानं विस्कटायला फलाटावर होते मास्तरांचे केस, वस्तादाचे केस आणि एक झोपलेलं मांजर.

मास्तरांनी मुख्यालयाला फोन लावला.

"साहेब, गाडी का नाही थांबवलीत?"

"तुमच्या फलाटावर मुंगीला जागा नाही. चेंगराचेंगरी होईल."

"फलाट रिकामा आहे, साहेब. मी स्वतः इथंच उभा आहे."

"मग आधी तुम्ही तिथून हला. गर्दीत भर घालू नका."

मग हळूहळू उलगडा झाला. आत गेलेलं डोकं तो डोळा मिळवत होता आणि बाहेर आलेलं वजा करत होता. आमच्या दारातून माणसं नुसती आत जात होती, बाहेर कुणी येतच नव्हतं. गाडीत चढलेले तेवढे तिकिटांच्या हिशेबानं वजा झाले होते, पण ते होते कितीसे! बाकी सगळे, पुतळ्यांसकट, मुख्यालयाच्या हिशेबानं अजून फलाटावरच उभे होते. दिवसचे दिवस. तहानलेले, भुकेलेले, एकमेकांच्या खांद्यावर. भगदाडाला डोळा नव्हता.

वस्तादानं पाववाल्याची मोटारसायकल घेतली आणि पुढचं जंक्शन गाठलं. तिथं बाहेर पडायला जिना चढून पूल ओलांडावा लागतो. ताईनं तो ओलांडला होता. बाकावर बसून ती गुडघे चोळत होती.

"फलाट रिकामा होता रे," ती म्हणाली. "तू एकटाच उभा होतास आणि हात हलवत होतास. मला वाटलं, जा म्हणतोयस."

वस्तादानं सगळं सांगितलं. भगदाड सांगितलं, पुतळे सांगितले. ताई हसेल असं त्याला वाटलं होतं. निदान शिव्या तरी घालेल. तिनं नुसती त्याच्या नव्या शर्टाची कॉलर सरळ केली.

"मला विचारायचंस तरी," ती म्हणाली. "मी दोनदा जास्त आले असते."

हे त्याला सुचलंच नव्हतं. सगळं गाव त्यानं गोल फिरवलं, झगे घातलेले पुतळे फिरवले, आणि जी खरीखुरी तिकीट काढून आली असती तिला विचारायचं राहून गेलं.

ताईला घरी पोचवून तो परतला तो एकच ध्यास घेऊन: फलाट मोकळा करायचा. आता सगळं उलटं. भगदाडातून आत, दारातून बाहेर. काकूनं पुतळ्यांची तोंडं फिरवली. मास्तरांनी ह्या खेपेला उघड उघड फेऱ्या मारल्या. लोक वस्तादाच्या तोंडाकडे बघून मुकाट चालत होते. थांबायचं कुठं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. तुमचा पडदा तुमच्याकडे. इथं बिचारे अंदाजानं चालत राहिले आणि अंदाज चुकला.

दुसऱ्या दिवशी नकाशावर आमचं स्टेशन लाल नव्हतं, हिरवं नव्हतं, नव्हतंच. मास्तरांनी फोन केला तेव्हा सांगण्यात आलं की फलाटावर शून्याहून कमी माणसं दिसताहेत, आणि जिथं माणसंच उणी आहेत तिथं गाडी थांबवणं नियमात बसत नाही. चौकशी होईपर्यंत थांबा स्थगित.

चौकशी अजून झालेली नाही. मास्तरांची बदली झाली. अर्ध्या दाढ्या बंद झाल्या, आणि पुऱ्या दाढीला इतक्या लांब कोण येतंय? वस्ताद दुकान उघडतो, आरसा पुसतो. मूर्खपणा माझा होता, असं तो विचारणाऱ्याला सांगतो आणि न विचारणाऱ्यालाही सांगतो. बायको पूर्वी मान डोलवायची, हल्ली टॉवेल वाळत घालायला मागे निघून जाते.

त्याची शिक्षा त्याला मिळाली. तुमचं काय? मास्तर फलाटावर उभे राहून 'रिकामा आहे' म्हणत होते, तेव्हा तुमच्यातल्या एकालाही खरं कोण बोलतंय असा प्रश्न पडला नाही?

ताई अजून दर गुरुवारी गाडीत बसते. रीतसर जंक्शनचं जाऊन-येऊन तिकीट काढते. आमचं स्टेशन येतं तेव्हा ती दारात उभी राहते, वस्ताद कुंपणापाशी उभा राहतो. दोघं एकमेकांना जेमतेम बघतात आणि गाडी निघून जाते. ही बाई तुमच्या पडद्यावर कुठं आहे? तिला मिळवलंत की वजा केलंत? उत्तर द्या.