वायोमिंग पाहायला येणाऱ्यांसाठी तीन वाक्यं

रोवेनाला वाटलं होतं, बोस्टनला चार वर्षं भूगर्भशास्त्र शिकून आपण वायोमिंगला परतलो, की पाहुणे त्या लाल कड्यांपुढे हात जोडून उभे राहतील आणि आपण त्यांना पृथ्वीचं अंतरंग उलगडून दाखवू. प्रत्यक्षात पाहुण्यांना न्हाणीघर कुठे आहे हे जाणून घ्यायचं होतं, आणि अस्वल किती वाजता येतं ते.

तिचे बाबा, क्लाइड पिकेट, गाई पाळायचे आणि कुरणाकडेच्या दोन लाकडी खोल्या पाहुण्यांना द्यायचे. येणाऱ्या प्रत्येकाला ते तीनच वाक्यं सांगत. "टाकी अर्धी झाली की भरा. रानगव्याच्या जवळ जाऊ नका. फाटक जसं दिसेल तसंच ठेवा."

"बाबा, हा काय सल्ला झाला? या भूमीला आत्मा आहे."

"असेल. पण त्या आत्म्याकडे पेट्रोल पंप नाही."

पाहुणे आटले होते. ओहायोहून आलेले प्रुइट नवराबायको पुढच्या उन्हाळ्याची खोली आगाऊ ठरवून गेले नाहीत, तर यंदाच कुलूप लावायचं असं बाबांनी ठरवलं होतं. रोवेनाला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

"मला एक दिवस द्या," ती म्हणाली. "मी त्यांना वायोमिंग दाखवते. तुम्ही फक्त पाहत राहा."

"पाहतोच आहोत, बाई," वर्ना आत्या भांडी विसळत म्हणाली.

सकाळी रोवेनाने बाबांची गाडी काढली. काटा पाऊण टाकी दाखवत होता. वाटेत कुरणाचं फाटक सताड उघडं दिसलं. ती उतरली, फाटक लोटलं आणि साखळी घट्ट अडकवली. (बोस्टनमध्ये ती एक गोष्ट पक्की शिकली होती: आपल्यामागे दार लावून घेणं.)

"सभ्यता इथून सुरू होते," तिने प्रुइटांना सांगितलं.

कड्यापाशी पोहोचताच गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. काटा पाऊणवरच होता. फोनला रेंज नव्हती.

"थांबलो ते बरं झालं," रोवेना ठामपणे म्हणाली. "हा कडा बसूनच पाहायचा असतो."

मग तिने एकेक थर समजावून सांगितला. इतके मन लावून ऐकणारे श्रोते तिला कधी मिळाले नव्हते (त्यांना जायला जागाच नव्हती). शेवटी प्रुइटांनी हळूच विचारलं, "यातल्या कुठल्या थरात पेट्रोल सापडतं?"

उन्हं कलताना शेजारचा ऑर्व्हल गवताने भरलेला ट्रक घेऊन आला. इकडे अडलेल्याला ओलांडून कुणी जात नाही, पण टोमणा मारल्याशिवाय उचलतही नाही. "क्लाइडची गाडी का? मग बरेच लांब आलात की."

गवतावर बसून ते घरी पोहोचले, तर अंगणात सगळा कळप. पाहुण्यांच्या गरम पाण्याच्या टबात एका गाईने तोंड घातलं होतं. दुसरी प्रुइटांची पोहायची चड्डी सावकाश चघळत होती. आत्या झाडू घेऊन पायरीवर बसली होती. हाकून हाकून ती दमली होती.

"फाटक कुणी लावलं?" बाबांचा आवाज शांत होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मी. उघडं होतं म्हणून."

"उघडं होतं, कारण मी उघडलं होतं. गाईंची ओढ्यावर जायची वाट ती. तहानल्या आणि कुंपण पाडून इथे आल्या."

"आणि तुमचा तो काटा?"

बाबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तो तू शाळेत होतीस तेव्हापासून पाऊणवर आहे. घरच्या माणसाला काय सांगायचं त्यात?"

इतक्यात प्रुइटबाई टबापाशी फोटो काढता काढता म्हणाल्या, "पुढच्या जूनमध्ये नातवंडांना घेऊन येते. खोली आमचीच. गाई रोज येतात ना टबात?"

बाबांनी तोंड उघडलं, पण रोवेना पुढे झाली. "येतात."

"गाडी मात्र आमची आम्ही आणू," प्रुइट म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोवेना निश्चय करूनच उठली. आजपासून पाहुण्यांना बाबांचीच वाक्यं सांगायची, आणि आधी स्वतः पाळायची. पहिलं काम, टाकी काठोकाठ भरणं. किल्ली घेऊन, मान ताठ ठेवून ती अंगणात आली. अंगणात टब होता, शेण होतं. गाडी कड्यापाशी होती. बाबा ट्रॅक्टर घेऊन कुंपण बांधायला गेले होते.

आत्याने पेट्रोलचा डबा तिच्या हातात दिला. "जा चालत. आणि गव्यापासून लांब राहा. तेवढं एकच वाक्य मोडायचं राहिलंय."