खिडकीतला मेंदू

आमच्या शेजारच्या नानांनी खिडकीत बायकोचा मेंदू टांगला आहे.

खरा नव्हे, फ्लेक्सवर छापलेला. चार फूट बाय तीन. मापात चूक नाही, टेप मीच धरला होता. जळगावात वाढदिवसाचे फलक करणाऱ्याकडून छापून आणला. त्यानं सवयीनं खाली ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ही टाकल्या. "राहू द्या," नाना म्हणाले, "रंग चांगला शे." छापील बाजू आत असल्यानं रस्त्यावरून शुभेच्छा उलट्या दिसतात.

संध्याकाळी खोलीतला दिवा लागला की तो मेंदू पेटतो. तांबडे, हिरवे, निळे झुपके केसांसारखे अधांतरी तरंगतात. एक झुपका मध्येच तुटलेला आहे. तिथं तोंड लावून नाना पुटपुटतात, मग कान लावून थांबतात, मान हलवतात. पलीकडून कुणी उत्तर द्यावं तसं. दूधवाला हल्ली त्यांचंही दूध आमच्याच ओट्यावर ठेवून सटकतो.

अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, त्याच खोलीत चाकाच्या खुर्चीत असतात. झटका आला, उजवं अंग गेलं, वाचाही गेली. पापणी न लवता एकीकडे बघत राहतात. खरं सांगतो, मला त्या नजरेसमोर चहा जात नाही.

डॉक्टरांनी स्कॅनचं हे चित्र समजावलं होतं. यंत्र मेंदूतल्या पाण्याची हालचाल टिपतं. पाणी जिकडे सरकतं तिकडे तंतू आहेत असं धरून संगणक रेषा काढतो.

"पानी ना? मंग हाऊ ते मन्हाच धंदा शे!" नाना म्हणाले. यावलच्या केळीबागांत त्यांनी आयुष्यभर ठिबकच्या नळ्या टाकल्या. नळी तुंबली की बोटानं टिचक्या मारायच्या, कचरा सुटतो. तेव्हापासून रोज ते अक्कांच्या डाव्या कानामागे हळूच टिचक्या मारतात. "कचरा अडकेल शे, भाऊ. नळी साबूत शे."

"नाना, ते डोकं आहे, केळीची बाग नाही."

"तुम्ही बँकमा हिशोब करा. पानी मन्हावर सोडा."

परवा धुळ्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. आईला काहीच कळत नाही, मग ती कुठं राहिली तरी तिला सारखंच. तिकडच्या एका आश्रमात जागा बघितली आहे, रविवारी न्यायला येतो. मी गेलो तेव्हा नाना फ्लेक्सपुढे उभे होते, पाठ अक्कांकडे. त्यातून झिरपणारा मावळतीचा तांबडा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता.

"तिले बठ्ठं समजस," ते म्हणाले. मग तुटलेल्या झुपक्यावर बोट ठेवलं. "पन खरं सांगू, भाऊ? तिना आवाज कसा व्हता, ते मी इसरी ऱ्हायनू. म्हनीसन रोज इठे कान लावस."

मी नजर वळवली. खुर्चीत अक्कांचा डावा हात हळूहळू वर गेला. त्यांनी पदर ओढून तोंड झाकलं, आणि पदराआड त्यांचे खांदे हलू लागले.

"नाना," मी म्हणालो, "मागं बघा."