पाच भोकांचं माप

मिस्त्रींच्या पिकअपचं मागचं एक अलॉय व्हील तडकलं आणि रात्रीतून त्यातली हवा जाऊन रोज सकाळी गाडी एका अंगावर कलून उभी दिसायला लागली. एरवी मिस्त्रींनी स्टेपनीवर वर्ष काढलं असतं. पण सोमवारी लेक बँकेत ऑफिसर म्हणून रुजू होणार होती, आणि तिला सोडायला ते स्वतः जाणार होते.

त्यांच्या मनात एक जुनी गोष्ट सलत होती. शाळेत असताना लेक रोज म्हणायची, "बाबा, मला कोपऱ्यावरच सोडा." गेटपर्यंत म्हणून कधी येऊ दिलं नाही. का, ते मिस्त्रींनी विचारलं नाही. वाटभर भुसा सांडणारी, दार आतून न उघडणारी गाडी! पोरीला लाज वाटणारच, त्यात विचारायचं काय डोंबल? या खेपेला मात्र गाडी अशी नटवायची की तीच म्हणेल, चला गेटपर्यंत.

"एक तडकलंय तर एकच आणा ना," बायको म्हणाली.

"आणि बाकीची तीन जुनी? बत्तीशीत एकच सोन्याचा दात दिसेल."

दुकानात भिंतभर चाकं टांगलेली. मिस्त्रींनी प्रत्येकाला टिचकी मारून आवाज ऐकला, फळीचा बाक बघावा तसं एक डोळा मिटून कडेवरून बघितलं. दुकानदार काकुळतीला आला तेव्हा कुठे एक पसंत पडलं; तसलीच चार मागितली.

"गाडी घेऊन या, लावून बघू," दुकानदार म्हणाला.

"गाडी कशाला? माप आणलंय. तीस वर्षं सुतारकाम करतोय, माझं माप चुकत नाही."

"पाच भोकांचं माप फसवतं हो, मिस्त्री."

"तुम्हाला फसवत असेल."

रविवारी अंगणात गाडी जॅकवर चढली. पहिला बोल्ट बसला. बाकीचे चार काही केल्या बसेनात. केसभर फरक, मिस्त्री म्हणाले, आणि आतून कानस घेऊन आले.

"अहो, ती काय दाराची चौकट आहे का तासायला?"

"तू गप गं."

त्यांनी भोकं घासली. एकाच चाकाची घासली तर ते वेगळं दिसेल, म्हणून चारही चाकांची घासली. तरी बोल्ट बसेनात. शेवटी नाइलाजाने दुकानदाराला फोन लावला.

"समोरासमोरच्या भोकांचं माप घेतलंत ना?"

मिस्त्री चाकापुढे उकिडवे बसले. पाच भोकांत समोरासमोर असं कुणी नसतंच! माप हवं होतं भोकांच्या अख्ख्या गोलाच्या आरपारचं; त्यांनी एक भोक सोडून पुढच्यापर्यंत टेप लावली होती, आणि ती मात्र अगदी काटेकोर लावली होती.

"असू द्या, बदलून देतो," दुकानदार म्हणाला. "फक्त चाकांना काही केलं नाहीत ना?"

मिस्त्रींनी हातातल्या कानशीकडे पाहिलं आणि फोन हळूच ठेवून दिला.

सोमवारी तीन मळकी अलॉय आणि चौथी काळी लोखंडी स्टेपनी अशा थाटात गाडी निघाली. मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बँकेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर त्यांनी आपणहून गाडी थांबवली.

"इथे का थांबलात, बाबा?"

"तुला कोपराच बरा वाटतो ना. गाडीची लाज वाटते, मला ठाऊक आहे. नवी चाकं लावणार होतो गं. चुकलं माझं."

लेक त्यांच्याकडे वळली. "लाज? अहो बाबा, शाळेच्या गेटवर वॉचमन शिट्टी मारायचा. गाडी थांबली की लगेच उतरा, लगेच निघा. कोपऱ्यावर कशी पाच मिनिटं मिळायची. तुम्ही दिवसभर कामावर, घरी आलात की जेवून झोपायचात. मला तेवढीच पाच मिनिटं तुम्ही मिळायचात."

मिस्त्रींनी उगाच आरसा पुसला. मग इंजिन बंद केलं.

दोघं बसून राहिली. आईने कानस कुठे लपवून ठेवली ते लेकीने सांगितलं, आणि मिस्त्री डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"बाबा, आता दार उघडा बाहेरून. पाच मिनिटं झाली."

"अजून दोन आहेत."

"आठ झालीत, बाबा! घड्याळ बघा."

"असू दे," मिस्त्री जागचे न हलता म्हणाले. "हल्ली माझं माप चुकतं."