शंभर जिवंत टोके

गवती चहा नुसता चहात उकळणारे लोक सुखदेव सरांना अडाणी वाटत. "अहो, सिट्राल असतं त्यात, सिट्राल! त्या वासानं धान्यातला टोका किडा पाय वर करतो, आणि तुम्ही त्यात आलं घालून पिता!" एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेला माणूस, त्याला अडवणार कोण? हडपसरच्या त्या सोसायटीत सरांबरोबर लिफ्टमध्ये शिरलं की पाच मजले सिट्राल ऐकावं लागे.

सरांनी बायकोच्या, म्हणजे हिराताईंच्या, कुकरला नळी लावून गवती चहाचं तेल काढलं (कुकर कामातून गेला) आणि ज्येष्ठांच्या विज्ञान प्रदर्शनाचा अर्ज आणला. अट एकच: प्रयोग यशस्वी झालेला, म्हणजे सरांच्या बाबतीत किडे मेलेले, डोळ्यांनी पाहिलेल्या दहा साक्षीदारांच्या सह्या. मुदत सोमवारपर्यंत.

"दहा? शंभर आणतो!" सर म्हणाले. आयुष्यात एकदा तरी आपल्या नावाची पाटी कुठेतरी लागावी, एवढीच बिचाऱ्यांची इच्छा होती.

पण टोके आणायचे कुठून? सर थेट मार्केट यार्डात गेले.

"टोके आहेत का?"

व्यापारी ताडकन उभाच राहिला. "साहेब, कुठल्या ऑफिसातून आलात?"

"कुठल्याच नाही. शंभर द्या. जिवंत हवेत."

"बसा ना साहेब, चहा घ्या!"

पुढच्या दुकानात तर चहा आधीच सांगून ठेवला होता आणि पोत्यांवर ताडपत्री पडली होती. पाच दुकानांत पाच स्पेशल चहा झाले, टोका एक मिळेल तर शपथ!

घरी येऊन सरांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'कोणाच्या धान्यात टोके असल्यास कळवावे.'

मिनिटाभरात ३०२ च्या सुहासिनीताई देव कडाडल्या, 'आमच्याकडे असले प्रकार नसतात.' मग रांगच लागली. 'आम्ही ऊन दाखवून भरतो.' 'आपल्याकडेच असतील, बघा.'

आणि अर्ध्या तासानं बेल वाजली. दारात सुहासिनीताईच, ओढणीखाली डबा!

"बासमती आहे. पाहुण्यांसाठी ठेवलेला. कुठे बोलू नका हं!"

दुपारपर्यंत अकरा घरांतून अकरा डबे आले. सगळे जिन्यानं, लिफ्टनं एकही नाही. विज्ञानावर लोकांचं एवढं प्रेम बघून सरांना अगदी भरून आलं.

रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे जमले. टेबलावर अकरा बाटल्या, वर चादर. दहा बाटल्यांत सकाळीच तेलाचा बोळा टाकलेला, अकरावी तुलनेसाठी तशीच ठेवलेली. सरांनी चादर ओढली. दहा बाटल्यांतले टोके सहाही पाय वर करून पडले होते! अकरावीतले मात्र आरामात शतपावली करत होते.

"बघा!" सरांनी बाटल्यांकडे बोट दाखवलं. "बघा!"

बायका बघतच होत्या. चिठ्ठ्यांकडे! नमुना कुठला ते लिहिल्याशिवाय प्रयोग कसला? सरांनी प्रत्येक बाटलीवर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं. 'नमुना ३. सौ. सुहासिनी देव, ३०२. बासमती (पाहुण्यांचा). टोके ४१.'

"पाहुण्यांचा?" चौथ्या मजल्यावरची अवनी किंचाळली. "म्हणजे दिवाळीला आम्हाला पुलाव घातलात तो...?"

"आणि तुझा रवा? त्रेसष्ट!" सुहासिनीताईंनी तिची चिठ्ठी वाचली.

मग जो गोंधळ उडाला, तो वॉचमनला गेटवर ऐकू गेला. शेवटी सुहासिनीताईंनीच हात वर केला. "थांबा! हे टोके नाहीतच मुळी."

"मग काय आहेत?" सर म्हणाले.

"जिरं."

"ताई, जिरं चालत नाही!" सरांनी अकरावी बाटली पुढे धरली.

"आम्हाला नाही बाई काही चालताना दिसत," अकराही घरं एका सुरात म्हणाली. इतकी एकी सोसायटीत पाणी गेलं तेव्हाही दिसली नव्हती.

अर्ज हॉलभर फिरून कोराच परत आला. सेक्रेटरी अभयनं सरांना बाजूला घेतलं. "सर, किडे मेल्याची सही करायची, म्हणजे आधी किडे होते हे आलंच ना!"

सर घरी आले ते पार कोमेजून. अर्ज हिराताईंपुढे सरकवून म्हणाले, "तू तरी कर गं. तू पाहिलंयस."

हिराताईंना पोटातून कळवळा आला. कुकरचं दुःख विसरून त्यांनी पेन उचललं आणि झोकात सही ठोकली. सरांचे डोळे पाणावले. मग क्षणभर थांबून हिराताईंनी सहीखाली ठळक अक्षरात लिहिलं, 'सदर किडे आमच्या घरचे नव्हेत.'