अण्णांचं पान आणि निंबातला शिक्रा

डॉक्टरांनी मला एखादा छंद लावून घ्यायला सांगितलं, तेव्हा मी शिकारी पक्षी ओळखायचं ठरवलं. (डॉक्टरांच्या मनात बहुधा चालणं होतं. पण शिकारी पक्षी खुर्चीत बसूनही ओळखता येतात.) बुऱ्हाणपूरच्या आभाळात फिरते ती सगळी घारच, असं मी पंचेचाळीस वर्षं धरून चाललो होतो. पुस्तक आणलं, दुर्बीण आणली, तेव्हा कळलं की शेपटीला खाच असते ती घार. आणि कबुतराएवढा, छातीवर तांबूस आडव्या रेघा, तो शिक्रा. डोळा लाल असला तर नर, पिवळा असला तर मादी. हे मी ऑफिसात इतक्यांदा सांगितलं की मला येताना बघून लोक फायलीत डोकं घालायला लागले. साहेब म्हणाले, "दिगंबरराव, तुमच्यामुळे कामं होऊ लागली."

अडचण एकच होती. शिक्रा आमच्या गच्चीकडे फिरकत नव्हता. मग मी रोज सकाळी कठड्यावर मूठभर ज्वारी टाकायला लागलो. ज्वारीला चिमण्या आणि होले आले, आणि त्यांना खायला शिक्रा शेजारच्या निंबात येऊन बसला. माझ्या बायकोला, वैजयंतीला, यातला ज्वारीपर्यंतचाच भाग माहीत होता. "आमचे हे रोज पाखरांना दाणे घालतात," असं तिनं गल्लीभर सांगितलं. आयतं मिळालेलं पुण्य कोण परत करतो?

अशात पितृपक्ष आला. आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पहिलंच श्राद्ध. इच्छापूरहून मालूआत्या आली, चांदनीहून धाकटा भाऊ भूपेंद्र आला. गिलक्याची भजी, गंगाफळाची भाजी, कढी, खीर, उडदाचे वडे असं पान वाढून आम्ही गच्चीवर ठेवलं. कावळ्यानं घास घेतल्याशिवाय आमच्याकडे कुणी जेवत नाही. भूपेंद्रनं "काव काव" करून हाक मारली.

कावळे आले. चांगले तीस-चाळीस आले. आणि सगळेच्या सगळे निंबाकडे तोंड करून कोकलायला लागले. पानाकडे एकानंही बघितलं नाही.

"अगं माय, एवढे आले आन् शिवेना एकबी!" आत्या घाबरली. "दिगू, अण्णाच्या मनात काहीतरी राहून गेलं रे."

निंबात शिक्रा बसलाय आणि कावळे त्याच्यावर ओरडतायत, हे फक्त मला माहीत होतं. एक टाळी वाजवली असती तर काम झालं असतं. पण मग तो कोण, इथे का येतो, कुणामुळे येतो, हे सगळं निघालं असतं. तरी अण्णांसाठी मी हात वर केलेच होते. तेवढ्यात भूपेंद्र हात जोडून पुढे झाला.

"अण्णा, कसम से, आजपासून गुटखा बंद!"

माझे हात खाली आले. अकरा वर्षं सगळं घर याला विनवत होतं. म्हटलं, बसू दे बिचाऱ्या शिक्र्याला अजून थोडा वेळ.

"अण्णा," आत्या म्हणाली, "वैजयंतीच्या सैपाकाला मी परत नावं ठेवणार नाही."

"अण्णा," वैजयंती म्हणाली, "ह्यांच्या घोरण्याबद्दल मी माहेरी कुणाला काही सांगणार नाही." (म्हणजे आजवर सांगत होती!)

चार वाजेपर्यंत हा पक्षी आमचं घराणं सुधारूनच जाईल, असं मला वाटायला लागलं. दोन वाजले. भजी गार झाली.

"दादा, मेरे को तो चक्कर येऊ राहिले," भूपेंद्र कठड्याला टेकून म्हणाला.

"आता तुम्ही बोला," वैजयंती मला म्हणाली. मी दुर्बीण डोळ्याला लावून होतो. डोळा लालच होता. नर.

"अहो, काय बघताय?"

"कावळे."

"कावळे बाहेरच्या फांद्यांवर आहेत. तुम्ही आत काय बघताय?"

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दुर्बिणीकडे बघितलं आणि हात जोडले.

"अण्णा, उद्यापासून हे दुर्बिणीला हात लावणार नाहीत!"

तिचं वाक्य संपलं आणि शिक्रा उडाला. कावळ्यांचं लटांबर त्याच्या मागे गेलं. एक जाडा कावळा तेवढा मागे राहिला. तो टुणटुणत पानापाशी आला आणि त्यानं वडा उचलला. खरं सांगतो, मला भरून आलं. अण्णाही आधी वडाच उचलायचे.

"तेच होतं रे त्याच्या मनात," आत्यानं पदर डोळ्याला लावला. "दुर्बीणच होती!"

खाली पानं मांडली. बसण्याआधी भूपेंद्रनं खिशातून पुडी काढली.

"अरे, तू सोडलास ना?"

"दादा, माझ्या बोलण्यावर कावळा कुठे शिवला? म्हणजे अण्णाला गुटख्याचा काही प्रॉब्लेम नव्हता."

आत्यानं कढी चाखली. "मीठ कमी पडलं," ती म्हणाली. वैजयंतीनं माहेरी फोन लावला आणि बोलत बोलत स्वयंपाकघरात गेली. दार लोटून घेतलं.

ती वाढायला बाहेर आली तेव्हा खिडकीबाहेर कावळ्यांचा पुन्हा गलका सुरू झाला होता. मी मान वर केली.

"ताटात बघा," वैजयंती म्हणाली. "अण्णा बघतायत."