आधी बसा, मंग बोला

उत्तम नानांच्या सायकलच्या कॅरिअरला कायम एक घडीचं स्टूल बांधलेलं असतं. लोखंडी पाय, वर निळी नायलॉनची पट्टी. नाना दळण आणायला निघाले तरी स्टूल बरोबर, लग्नाला निघाले तरी बरोबर. एकदा अमळनेरच्या एसटीत कंडक्टरने त्याचं सामानाचं तिकीट मागितलं. नानांनी स्टूल उघडलं, उभ्या असलेल्या एका म्हातारीला त्यावर बसवलं आणि सांगितलं, की आता हे सामान नाही, सीट आहे. कंडक्टरने पुढचा सगळा रस्ता त्यांच्याकडे पाठ करून काढला.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण पुढे पोलीस येणार आहेत. मी तहसील कचेरीच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकून स्टॅम्प विकतो आणि लोकांचे अर्ज लिहून देतो. नाना कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी कचेरीत येतात. स्वतःचं काम काही नसतं. कुणी गरीब माणूस साहेबाच्या टेबलासमोर उभा दिसला, की मागून जाऊन स्टूल उघडायचं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, "आधी बसा, मंग बोला."

साहेब लोकांना याचा फार ताप होतो. उभ्या माणसाला 'उद्या ये' म्हणून वाटेला लावता येतं. समोर बसलेल्याला निदान काम काय आहे ते विचारावं लागतं. एका क्लार्कने वैतागून स्टूल कपाटात कोंडलं, तर दुसऱ्या दिवशी नानांनी घरून जेवायचा पाट आणला आणि एका शेतकऱ्याला त्यावर बसवलं. टेबलापलीकडून त्या शेतकऱ्याची फक्त टोपी दिसत होती. त्याच्याशी बोलायला क्लार्कला स्वतःच उभं राहावं लागलं. दुपारी स्टूल परत मिळालं.

माझ्याही टेबलासमोर एक खुर्ची आहे. तिच्यावर माझी पिशवी असते. नाना आले की ती पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवतात. याचा मला राग येतो, पण वयाने मोठा माणूस, बोलणार काय? एकदा मी विचारलंच, की नाना, हे खूळ कशासाठी? ते म्हणाले, "उभं राहीसन बोलनं म्हंजे मागनं, भाऊ. बसीसन बोलनं म्हंजे सांगनं."

मागे इथल्या कॉलेजात मानवी हक्कांवर व्याख्यान झालं. जळगावचे वकील आले होते. पुढचे सोफे पाहुण्यांसाठी राखलेले आणि रिकामे, आणि श्रोते म्हणून पाड्यांवरून आणलेल्या बाया मागे भिंतीला चिकटून उभ्या. नानांनी एकेकीला हाताला धरून सोफ्यावर आणून बसवलं. संयोजकांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. वकिलांनी मात्र मग त्या बायांकडे बघूनच भाषण केलं. पोलिसांनी कुणाला धरलं तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं, असं सोपं करून सांगितलं. नाना सगळा वेळ उभेच होते.

त्या बायांमधल्या झिनाबाई पावरा पुढे एका दुपारी माझ्या टेबलाशी आल्या. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली म्हणून त्यांच्या मुलाला, दिलीपला, पोलिसांनी परवा सकाळी नेलं होतं. तेव्हापासून त्या ठाण्याच्या फाटकाशी उभ्या होत्या. आत कुणी घेत नव्हतं, आणि दिलीप इथे नाहीच असं सांगत होते. पण त्यांनी त्याचा ओरडण्याचा आवाज ऐकला होता.

मी अर्ज लिहायला कागद काढला. नानांनी सायकल काढली. मला म्हणाले, तू पण चल. माझी अजिबात इच्छा नव्हती, खरं सांगतो. पोलीस ठाण्यात जाऊन आपलं कधी चांगलं होत नाही.

नाना कुणालाही न विचारता सरळ आत गेले, फौजदारांच्या टेबलासमोर स्टूल उघडलं आणि झिनाबाईंना त्यावर बसवलं. हवालदार म्हणाला, "ए बाई, ऊठ." त्या घाबरून उठायला लागल्या. नानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

फौजदारांनी माझ्याकडे बघितलं. मी कसंबसं म्हणालो, की साहेब, पोराला परवा आणलंय, चोवीस तास कधीच उलटले, आम्ही इथून आता कोर्टात अर्ज द्यायला जातो. मग झिनाबाईच बोलल्या. त्या कलेक्टरलाही तूच म्हणतील.

"माझा दिलीप तुझ्याकडे आहे. मी त्याची आई आहे. मला दाखव."

फौजदारांनी पेन काढलं आणि त्यांचं नाव विचारलं. आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. संध्याकाळच्या आत दिलीपला कोर्टात आणलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात वाट बघताना बाक रिकामा होता. मी बसलो, नाना भिंतीशी उभे. तुम्ही स्वतः कधीच का बसत नाही, असं मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. त्यांचे वडील अडावदकडे एका मोठ्या शेतकऱ्याचे सालदार होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं, ते दुसऱ्या आखाजीपर्यंत. रोज संध्याकाळी मालक ओट्यावर बसून उद्याचं काम सांगायचा आणि वडील खाली उभे. मालक 'जाय' म्हणेपर्यंत हलायचं नाही. ताप असला तरी नाही. नाना लहानपणी वडिलांचं धोतर धरून शेजारी उभे राहायचे. पुढे नोकरी लागल्यावर नानांनी वडिलांसाठी वेताची खुर्ची घेतली. वडील मरेपर्यंत तिच्यापाशी जमिनीवर बसले. "मी बी आते नही बसू शकत, भाऊ. पाय वाकतस नही," नाना म्हणाले. ती खुर्ची अजून घरात आहे. नानी गेल्या, मुलं सुरतला, खुर्चीवर धुतलेले कपडे पडलेले असतात.

न्यायाधीशांनी दिलीपला जवळ बोलावून मारलं का म्हणून विचारलं. त्याने तळपाय दाखवले. त्यांनी डॉक्टरी तपासणीचा हुकूम दिला आणि त्याला जामिनावर सोडलं.

तो लंगडत बाहेर आला. झिनाबाईंच्या काखेत नानांचं स्टूल होतं. त्यांनी ते उघडून नानांसमोर ठेवलं.

"तू बस," त्या म्हणाल्या.

नाना हसण्यावारी न्यायला लागले. तेव्हा झिनाबाईंनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला, दुपारी नानांनी ठेवला होता तसाच, आणि दाबला. नाना बसले. अगदी कडेला, गुडघे जुळवून, हात गुडघ्यांवर. आम्ही तिघं त्यांच्याभोवती उभे, आणि त्यांना कुठे बघावं ते कळत नव्हतं.

थोड्या वेळाने मान खाली घालूनच त्यांनी झिनाबाईंना विचारलं,

"आते उठू का?"

"नाही," झिनाबाई म्हणाल्या. "बस अजून."